उणिवेचं एक वाक्य

व्हिदिन, १४ ऑक्टोबर १९९७

आदरणीय ग्रुएव सर,

मी नेवेना राल्चेवा. एक्क्याण्णवची बॅच, तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची ती. एवढ्याने आठवलं नसेल तर दुसरी खूण सांगते. चौथ्या वर्षी, त्या अपघातानंतर, दर गुरुवारी चार वाजता तुम्ही जिच्या एकटीसाठी उच्चदाबाची प्रयोगशाळा उघडायचात, ती. त्याबद्दल तुम्ही कुणाशी कधी बोलला नाहीत. मीही नाही, आईशीसुद्धा नाही.

सध्या मी इथल्या वीजमंडळात रिले-संरक्षण विभागात आहे. विभाग म्हणजे मी, एक म्हातारा फोरमन आणि एक मांजर. आमचे रिले बासष्ट सालचे. सकाळी ब्रश घेऊन त्यांचे कॉन्टॅक्ट घासायचे, आणि लाइनवर बिघाड झालाच तर रिले पडून वीज तोडेल की नाही ते देवावर सोडायचं. सहा वर्षं हेच चाललंय.

मला पुढे शिकायचंय. जर्मनीतली तीन विद्यापीठं विद्युत अभियांत्रिकीतली मास्टर्सची पदवी परदेशी विद्यार्थ्यांना देतात, तीही शिष्यवृत्तीसकट. आपल्या पदवीची पाच वर्षं त्यांच्या लेखी तीनच भरतात, भरू देत. अडचण वयाची आहे. शिष्यवृत्ती तिशीच्या आतल्यांनाच मिळते, आणि येत्या ऑगस्टात मी तीस पुरी करते. म्हणजे पहिली खेप तीच शेवटची.

दोन शिफारसपत्रं लागतात. एक आमच्या साहेबांचं झालं. "तूच टाइप कर, मी सही ठोकतो," म्हणाले. दुसरं शिकवलेल्या प्राध्यापकाचं हवं. द्याल का?

सर, खोटं कशाला सांगू, मला इथे जीव नकोसा झालाय. पंपांचा कारखाना बंद पडला, माझ्या वर्गातल्या नऊ जणी देश सोडून गेल्या. संध्याकाळी आई आणि मी समोरासमोर बसून सूप पितो, की दिवस संपला. हेही झालं नाही तर मी काय करेन, मला खरंच ठाऊक नाही.

आपली,
नेवेना

*

चेर्नी दोल, २५ ऑक्टोबर १९९७

प्रिय नेवेना,

आठवलं नसेल म्हणे! साडेतीन हजार पोरं माझ्या हाताखालून गेली. त्यांतली तीन हजार मी विसरलो, आणि चारशे विसरायचा प्रयत्न करतोय. तू उरलेल्या शंभरातली.

मी इथे गावी आलबुखाऱ्याची झाडं आणि गुडघे सांभाळून आहे. बायको जाऊन तीन वर्षं झाली. टेलिफोन सरपंचाच्या कचेरीत आहे, आणि सरपंचीणबाई दाराला कान लावून असतात, तेव्हा पत्रच बरं.

शिफारस देतो की! पण नियम तुला माहीत आहे, तरी म्हातारपणाच्या खोडीने पुन्हा सांगतो. ज्या दाखल्यात उणीव नाही, तो दाखला खोटा. 'उणिवा' हा रकाना कोरा दिसला की वाचणारा म्हणतो, म्हाताऱ्याच्या घरी लाचेची कोंबडी पोचली. चाळीस वर्षांत मी एकही बिनउणिवेचा दाखला दिला नाही, म्हणून तर माझ्या सहीला वजन होतं. पक्षाच्या सेक्रेटरीच्या पोरालासुद्धा 'आळशी' लिहून दिलं होतं. पोराचं काही बिघडलं नाही, मला मात्र शेवटपर्यंत बढती मिळाली नाही.

तेव्हा तुझीही एक उणीव घालावी लागेल. लहानशी, पण खरी. जर्मन माणसं आपल्याहून काटेकोर, त्यांना खोट्याचा वास लगेच येतो. चालेल ना?

फॉर्म पाठव. आमच्या शाळेत जर्मन शिकवलेल्या मार्गिताबाई शेजारीच राहतात, भाषांतर त्या करतील. आणि ते जीव नकोसा वगैरे पुन्हा लिहू नकोस. इंजिनिअर आहेस, नाटकातली बाई नव्हेस.

तुझा,
लाझार ग्रुएव

*

व्हिदिन, ६ नोव्हेंबर १९९७

आदरणीय सर,

चालेल म्हणजे काय, घालायलाच हवी! नाहीतर माझ्यासारखी सद्गुणांची पुतळी जगात आहे यावर कोण विश्वास ठेवणार?

फक्त एक सांभाळा. साहेबांच्या पत्रात माझी उणीव मलाच टाइप करायची होती, तिथे मी 'कधीकधी हट्टीपणा करते' असं लिहून टाकलंय. तुम्हीही तेच लिहिलंत तर दोघांनी ठरवून लिहिलं असं दिसेल. तेव्हा हट्टीपणा सोडून दुसरं काहीही घ्या. सिगारेट ओढते, अक्षर वाईट आहे, सकाळी कुणाशी धड बोलत नाही, हवं ते निवडा. तुमच्यावर सोपवते.

तीन फॉर्म आणि तीन पाकिटं सोबत आहेत. पत्र पाकिटात घालून चिकटवायचं आणि जोडावर आडवी सही करायची. मी ते वाचायचं नाही, असा त्यांचा नियम आहे.

बसच्या ड्रायव्हरबरोबर कॉफीचा पुडा पाठवलाय. ही कोंबडी नव्हे, कॉफी आहे.

आपली,
नेवेना

*

चेर्नी दोल, ३० नोव्हेंबर १९९७

प्रिय नेवेना,

झालं काम! पाच रात्री घालवल्या. चार खर्डे फाडले. मार्गिताबाई म्हणाल्या, "लाझार, तू बायकोलासुद्धा एवढं मोठं पत्र लिहिलं नसशील." खरं आहे. काल बर्फातून तालुक्याला गेलो आणि तिन्ही पाकिटं रजिस्टर केली.

काय लिहिलं ते सांगणार नाही, नियम म्हणजे नियम. पण एवढं सांगतो, वाचणाऱ्याला कळेल की ही पोरगी कशातून उठलेली आहे. हट्टीपणा वगैरे भाजीवरची कोथिंबीर झाली. मी अशी उणीव घेतली आहे की ती वाचून माणूस तुझी जास्तच कदर करील.

आता गप्प वाट बघ. कॉफी चांगली होती. गावात तिचा वास पोचला आणि दुपारी तीन माणसं उगाच भेटायला आली.

तुझा,
लाझार ग्रुएव

*

व्हिदिन, १८ फेब्रुवारी १९९८

आदरणीय सर,

एक वाईट बातमी आणि एक चांगली.

वाईट आधी. उत्तरेकडच्या विद्यापीठाने नकार दिला. दीड ओळीचं छापील पत्र, वर माझं नावही चुकवलेलं. मी ते आईपासून लपवलं, तर तिला ते माझ्या उशीखाली सापडलं. दोन दिवस मी कामावर गेले नाही.

आता चांगली. दुसऱ्या, नदीकाठच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी काल स्वतः कचेरीत फोन केला! फोरमन धावत आला, "जर्मनी! जर्मनी!" असं ओरडत. पंधरा मिनिटं बोलणं झालं. माझ्या इंग्रजीची पुरती त्रेधा उडाली, पण त्यांनी समजून घेतलं. रिलेबद्दल विचारलं, ते मी व्यवस्थित सांगितलं. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "आता तुम्हाला कसं वाटतं?" केवढी सभ्य माणसं! मी म्हटलं, आता बरी आहे, थँक यू, फक्त हवा बदलली की डोकं धरतं आणि दोन दिवस पडून राहावं लागतं. त्यांनी विचारलं, असं वारंवार होतं का? मी म्हटलं, आमच्या नदीवर धुकं फार, त्यामुळे होतं. ते म्हणाले, समजलं, आणि मला शुभेच्छा दिल्या.

सर, आमच्या साहेबांनी सहा वर्षांत एकदाही माझी तब्येत विचारलेली नाही.

आपली,
नेवेना

*

चेर्नी दोल, १ मार्च १९९८

प्रिय नेवेना,

सोबत एक मार्चचा शकुनाचा लाल-पांढरा दोरा पाठवतोय, मनगटाला बांध. एरवी तो बायका वळतात, पण माझ्या घरात आता वळणारा मीच, म्हणून जरा वाकडा आहे.

तब्येत विचारली म्हणजे घेणार, मी पैजेवर सांगतो. आपल्याकडेसुद्धा नोकरीत घेताना आधी छातीचा फोटो मागतात, ज्याला घ्यायचं नाही त्याच्या छातीशी कुणाला काय देणंघेणं? वसतिगृहात खोली द्यायची असेल, उबदार बाजूची द्यावी की कशी, ते बघत असतील. डोकं धरतं हे सांगितलंस ते बरं केलंस. प्रामाणिक माणूस त्यांना आवडतो.

उत्तरेकडचे गेले उडत. तिकडे नाहीतरी सारखा पाऊस असतो.

तुझा,
लाझार ग्रुएव

*

व्हिदिन, ११ एप्रिल १९९८

आदरणीय सर,

आज लाझारचा शनिवार, तुमच्या नावाचा दिवस. उदंड आयुष्य लाभो. असल्या दिवशी हे लिहायला नको होतं, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

तिन्हीकडून नकार आला. नदीकाठच्यांनी मार्चच्या अखेरीस कळवलं, डोंगरातल्यांचं पत्र काल आलं. कारण कुणीही दिलेलं नाही. माझ्यासोबत शुमेन गावच्या एका मुलाने अर्ज केला होता, गुण माझ्याहून कमी, आजवर कुठे नोकरी केलेली नाही. त्याला नदीकाठच्यांनी घेतलं. मी निवडीची यादी पुन्हा पुन्हा बघितली.

माझ्यात असं काय कमी आहे, सर? सहा वर्षांत मी एक दिवसही रिलेची सेटिंग चुकीची ठेवली नाही. मला आता कॉन्टॅक्ट घासायला बसलं की हात चालत नाहीत. आई म्हणते, "देवाच्या मनात नसेल." मी तिच्यावर इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरची बाई वर आली.

सगळं संपल्यासारखं वाटतंय. हे नाटक नाही.

आपली,
नेवेना

*

चेर्नी दोल, २१ एप्रिल १९९८

प्रिय नेवेना,

तुझं पत्र ईस्टरच्या आदल्या दिवशी मिळालं. रंगवलेली अंडी तशीच टेबलावर आहेत, एकमेकांवर आपटून फोडायला समोर कुणी नव्हतं आणि मनही नव्हतं.

तुझ्यात काहीही कमी नाही. आंधळ्यांच्या बाजारात तू आरसा घेऊन गेलीस, एवढंच झालं. कमी कुठेही पडलं नाही, ना तुझ्या बाजूने ना माझ्या, हे तुला दिसावं म्हणून आता नियम मोडतो. कार्बनच्या दोन प्रती ठेवल्या होत्या, त्यांतली एक सोबत जोडतोय. जीव जड होईल तेव्हा वाचत जा.

ते सगळं कुणाला सांगू नका असं तू मला एकदा बजावलं होतंस, ते मी विसरलेलो नाही. पण हे 'कुणाला' सांगणं नव्हे. प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला माणूस दुसऱ्या तशाच माणसाला सांगतोय.

तुझा,
लाझार ग्रुएव

(सोबतची प्रत)

नेवेना राल्चेवा हिला मी पाच वर्षे शिकवले आहे. विद्युत यंत्रे आणि संरक्षण या विषयांत ती आपल्या वर्षातील पहिल्या तिघांत होती. कष्टाळू, नेमकी, सहकाऱ्यांशी प्रामाणिक.

उणिवा: चौथ्या वर्षी उच्चदाब प्रयोगशाळेत तिच्यासमोर एका विद्यार्थ्याचा हात जळाला. त्यानंतर चार महिने ती प्रयोगशाळेच्या दारातून आत येऊ शकत नसे. तिला घाम फुटे व शुद्ध हरपे. दर गुरुवारी मी स्वतः तिच्या शेजारी उभा राहून तिला पायरीपायरीने आत आणले. या भीतीवर तिने माझ्या देखरेखीखाली पूर्णपणे मात केली आहे. उच्चदाबाच्या जागी सुरुवातीला तिच्याबरोबर एखादा समजूतदार माणूस दिल्यास ती उत्तम काम करील, याची मी हमी देतो.

दोत्सेंत (सहयोगी प्राध्यापक) लाझार ग्रुएव

*

व्हिदिन, २४ मे १९९८

आदरणीय सर,

आज शिक्षकांचा आणि अक्षरांचा सण. आमच्या चौकातून शाळेची मुलं फुलं घेऊन गेली. तुम्हाला शुभेच्छा.

प्रत मिळाली. आपण घेतलेल्या कष्टांबद्दल आभारी आहे. इकडे सर्व ठीक.

नेवेना

*

चेर्नी दोल, २० जून १९९८

नेवेना,

तुझं पत्र चार ओळींचं होतं. 'आपली' हा शब्दही नव्हता. मी ते मार्गिताबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या कामात असेल. मीही तसंच धरून चाललो.

गेल्या आठवड्यात कामेन दिमोव्ह आला होता, तुझ्या पाच वर्षं आधीच्या बॅचचा. आता ऑस्ट्रियात शिकवतो, वडिलांचं घर विकायला आला होता. अंगणात बसलो, दोन पेले घेतले, आणि मी आपला मोठ्या डौलात आत जाऊन दुसरी प्रत घेऊन आलो. म्हटलं, बघ, शिफारस कशी लिहावी ते शीक. त्याने वाचली. पुन्हा वाचली. घडी करून पेल्याखाली ठेवली आणि म्हणाला, "सर, हे तुम्ही पाठवलंत?"

मी म्हटलं, "तिन्हीकडे. रजिस्टरने."

तो म्हणाला, "तिकडे उणिवा कुणी लिहीत नाही, सर. तिकडे सगळे नुसती स्तुती करतात. त्यातून कुणी एक शंका लिहिली, तर तिचा अर्थ, घेऊ नका, एवढाच होतो. आणि ही शंका? प्रयोगशाळेत शुद्ध हरपते? हे वाचून कोण जबाबदारी घेणार?"

मी त्याच्याशी भांडलो. म्हटलं, मी मात केली असं लिहिलंय, हमी दिली आहे! निघताना त्याने माझा हात धरला, तेव्हा मला खरं वाटलं.

तो फोन. "आता कसं वाटतं?" आणि वर मी तुला काय लिहिलं? उबदार खोली! असला गाढव मी.

तुला प्रत वाचताक्षणी कळलं असणार. तरी तू मला फुलांच्या दिवशी शुभेच्छा पाठवल्यास. मला शिव्या द्यायला हव्या होत्यास, पोरी. माझ्या हाताने तुझं वाटोळं झालं, आणि मी त्याची कार्बनची प्रत काढून जपून ठेवली होती.

सोबत नवी शिफारस आहे. उणिवांचा रकाना गाळलाय. आयुष्यात पहिल्यांदाच तसं केलं. ऑगस्टच्या आत कुठे चालत असेल तर चालव. कुठेही.

लाझार ग्रुएव

*

व्हिदिन, ३ सप्टेंबर १९९८

आदरणीय सर,

उत्तर द्यायला उशीर केला. खरं सांगायचं तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं.

हो, मला वाचताक्षणी कळलं. मी इतकी संतापले की तुमचं पत्र फाडलं, मग चिकटपट्टी लावून जोडलं. ती गोष्ट मी माझ्या आईला सांगितली नव्हती आणि तुम्ही ती जर्मन भाषेत तीन प्रतींत वाटलीत. पण नंतर माझंच पत्र आठवलं. हट्टीपणा घेऊ नका, दुसरं काहीही घ्या, असं मीच लिहिलं होतं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. उणिवेवाचून दाखला खरा नसतो असं मलाही वाटत होतं, सर. मी तुमचीच विद्यार्थिनी.

ऑगस्टच्या अकराला तीस पुरी झाली. आईने केक केला, फोरमनने सेकंडहँड ब्रीफकेस दिली. आता कुठलीच शिष्यवृत्ती नाही.

जानेवारीपासून आमचा विभाग बंद होतोय. फोरमन पेन्शनीत जाईल. माझ्यासाठी एकच जागा आहे, गावाबाहेरच्या उच्चदाब उपकेंद्राच्या प्रमुखाची. ती मिळाली नाही तर घरी बसायचं, आणि आईची पेन्शन दोघींना पुरत नाही. त्या अर्जाला शिकवलेल्या प्राध्यापकाचा दाखला लागतो, म्हणून तुमचा नवा कागद जोडला.

परवा आस्थापना विभागातल्या पेत्कोवाबाईंनी बोलावून घेतलं. कागद टेबलावर आपटून म्हणाल्या, "राल्चेवा, हे कुठून आणलंस?" मी म्हटलं, ग्रुएव सरांकडून. त्या म्हणाल्या, "उणिवेशिवाय? ग्रुएव सरांनी? माझ्या सख्ख्या भावाला त्यांनी 'उतावळा' लिहून दिलं होतं, आणि तो होताच. ही सही नकली आहे. अस्सल घेऊन ये, नाहीतर अर्ज बाद." सबंध कचेरी ऐकत होती.

तेव्हा पुन्हा मागणं आलं. पुढच्या शुक्रवारपर्यंत दाखला हवा, बसच्या ड्रायव्हरकडे द्या. या वेळी उणीव घाला. हट्टी आहे, सिगारेट ओढते, पत्रांना उत्तरं देत नाही, मोठ्यांचा मान ठेवत नाही, काहीही घाला. खरी असायला हवी तर यांतली प्रत्येक खरी आहे.

फक्त ती एक घालू नका. तुम्ही खोटं लिहीत नाही हे मला माहीत आहे, आणि त्या दिवशी तुम्ही लिहिलंत ते तेव्हा खरंच होतं, मी त्या भीतीवर मात केली होती. पण तुमची प्रत आली त्या सोमवारी मी उपकेंद्राच्या फाटकाशी गेले आणि माझा हात कडीला लागेना. तेव्हापासून मी फोरमनला आत पाठवते आणि बाहेर गाडीत काचा वर करून बसते. मे महिन्यापासून मी एकदाही आत गेलेले नाही.

आपली,
नेवेना